मालालाच ठरवू द्या ना कुठून जायचं ते!

मुंगीपंथी: ट्रान्सपोर्ट कंपनीत रात्री कंट्रोल रूममध्ये चार जण बसून उद्याच्या सगळ्या गाड्यांचे रूट लावतात आणि सकाळी पहिल्याच गाडीचं टायर बसलं की अख्खा प्लॅन झोपतो, मग दिवसभर नुसते फोन. माझं म्हणणं आहे की हा वरून प्लॅन करायचा हट्टच सोडा. प्रत्येक गाडी, प्रत्येक पॅलेट (माल रचायचा लाकडी पाट) स्वतःपुरता निर्णय घेईल, शेजारच्या गाडीशी बोलेल, मोकळी जागा असेल तिथे चढेल. मुंग्यांना कुठे मॅनेजर असतो? जवळच्या वाटेवरून मुंगी लवकर परत येते, म्हणून तिथे तिने सोडलेला वास जास्त साठतो, लांबच्या वाटेवरचा उडून जातो, संपलं. मार्को डोरिगोने 1992 मध्ये पीएचडीत हेच कॉम्प्युटरवर करून दाखवलं आणि आज रूटिंगमध्ये ती पद्धत वापरतात.

डेपोताई: मुंगी वाटेत मेली तर कोणी क्लेम लावत नाही हो. मी रोज पहाटे चारला डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या फलाटावर, उभी असते. सहा दरवाजे, अकरा गाड्या, आणि प्रत्येक ड्रायव्हरला वाटतं आपलाच माल आधी चढावा. तिथे "आपापसात ठरवा" म्हटलं की जो जोरात ओरडेल त्याची गाडी आधी लागते आणि कोपऱ्यातला म्हातारा ड्रायव्हर दहा वाजेपर्यंत चहा पीत बसतो. आणि बिल्टीवर सही कोणाची? पॅलेटची?

मुंगीपंथी: ताई, साउथवेस्ट एअरलाइन्सचं कार्गो बघा. तिथे सगळ्यांची सवय अशी होती की माल जायचाय त्या दिशेच्या पहिल्या विमानात टाकायचा, मग वाटेत उतरव, चढव, परत उतरव, आणि मोठ्या टर्मिनलवर नुसता ढीग. मुंग्यांच्या धर्तीवर मॉडेल केलं तेव्हा कळलं की विमान आधी भलत्याच दिशेला जात असलं तरी माल आतच राहू द्यावा, फिरून येईल. सगळ्यात गजबजलेल्या टर्मिनलवर ही उतरव-चढव 80 टक्क्यांपर्यंत कमी झाली. हे कुठल्या साहेबाला सुचलं असतं का?

गणिती_किडा: उदाहरण झकास आहे पण तुमच्याच विरुद्ध जातं. मुंग्या कॉम्प्युटरमध्ये होत्या, खऱ्या टर्मिनलवर नव्हत्या. त्यांच्याकडून एक नियम निघाला आणि तो ऑफिसने सगळीकडे लावला. म्हणजे परत वरूनच की!

आणि जो तो आपला फायदा बघेल तर सगळ्यांचं भलं होईल हे गृहीत धरू नका. ब्राएस नावाच्या जर्मन गणितज्ञाने 1968 मध्ये दाखवलंय की रस्त्यांच्या जाळ्यात एक नवा रस्ता टाकला तरी सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, कारण जो तो आपल्यापुरता शहाणा. मॅप बघून चाळीस ट्रक एकाच आडरस्त्याला घुसलेले पाहिलेत ना?

रिकामी_फेरी: वीस वर्षं गाडी चालवतोय. तुम्ही हे जे वरच्या साहेबाशिवाय आपापसात ठरवायचं म्हणताय ते आम्ही करतोच की, फक्त त्याला नाव नव्हतं. परतीचं भाडं मिळालं नाही तर रिकामं यावं लागतं, म्हणून ग्रुपवर टाकायचं, कोणाचा तरी अर्धा माल पडून असतो, जमतं. ऑफिसला बिल आल्यावर कळतं. पण हे ओळखीवर चालतं. अनोळखी माणसाचा माल मी पैसे हातात पडल्याशिवाय चढवत नाही, तिथे मुंगीचं गणित काय करणार?

डब्बा_प्रोटोकॉल: मुद्दा डब्याचा आहे. कंटेनरची मापं जगभर एक झाली म्हणून तो जहाजावरून रेल्वेवर, तिथून ट्रकवर बिनबोभाट जातो. बेन्वा मोंत्रॉय यांची "फिजिकल इंटरनेट" कल्पना तेच पुढे नेते, लहान खोकीही ठरलेल्या मापाची करा, गोदामं सगळ्यांना खुली करा, मग माल इंटरनेटवरच्या पॅकेटसारखा (माहितीच्या छोट्या तुकड्यासारखा) वाट काढत जाईल.

डेपोताई: पॅकेट हरवलं तर परत पाठवता येतं. इन्सुलिनचं खोकं उन्हात राहिलं तर काय परत पाठवणार?

मुंगीपंथी: बरं, हे पटलं. मग औषधं बाजूला ठेवा, केळ्यापासून सुरू करू. जर्मनीत ब्रेमेनला 2004 ते 2012 मालानेच स्वतःचं ठरवायचं याच विषयावर मोठा संशोधन प्रकल्प होता, त्यात कंटेनरच आतल्या तापमानावरून फळ किती दिवस टिकेल ते सांगेल असा प्रयोग झाला. आधी आलेला आधी उतरवण्याऐवजी आधी पिकणारा आधी उतरवायचा. एवढं तर कंटेनरला ठरवू द्याल?

डेपोताई: सांगू दे. ठरवायचं मी. एकाच वेळी तीन कंटेनर "मी पिकतोय मी पिकतोय" करायला लागले आणि दरवाजा एकच मोकळा असला तर?

गणिती_किडा: बोली लावू द्या त्यांना, ज्याचं नुकसान जास्त तो आधी.

रिकामी_फेरी: म्हणजे महाग माल आधी, आणि माझी कांद्याची गाडी परत दहा वाजेपर्यंत उभी.