सिम्बायोजेनेसिसला मराठीत काय म्हणावं?

अर्धीभाकरी: अनुवादात अडकलेय. रशियातल्या कझानचा जीवशास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की १९०५ साली म्हणाला की वनस्पतीतलं हरितलवक (पेशीतला अन्न बनवणारा हिरवा कण) हे मुळात बाहेरून पेशीत शिरलेलं नीलहरित शैवाल. १९१०मध्ये या कल्पनेला त्याने ‘सिम्बायोजेनेसिस’ म्हटलं. मी ‘सहजीवनोत्पत्ती’ लिहिलं, तर नवरा विचारतो, लग्नाच्या वाढदिवसाचं भाषण आहे का?

खडीसाखर: नवऱ्याचं बरोबर आहे. सहजीवन म्हटलं की पन्नाशीचा सत्कार आणि शाल-श्रीफळच डोळ्यांपुढे येतं.

मोडीवाला: पाठ्यपुस्तकात सहजीवन रुळलंय, उगीच फाटे फोडू नका. ‘सहजोद्भव’ सुटसुटीत.

अर्धीभाकरी: पण ‘सहज’ म्हणजे सह + ज, बरोबर जन्मलेलं. इथे तर दोघं वेगवेगळे जन्मले आणि नंतर एक झाले. अर्थ पार उलटा!

मोडीवाला: ‘सहज आलो होतो’ म्हणणारा काय जुळा भाऊ असतो? व्युत्पत्तीने भाषा चालत नाही.

खडीसाखर: काल सिम्बायोसिसला सहजीवन म्हणायला तुम्हीच व्युत्पत्ती काढली होतीत. असो. मला ‘घरजावई’ आवडेल. बाहेरून आला, राहिला, आता काढता येत नाही.

अर्धीभाकरी: मेरेश्कोव्स्कीच्या लेखी घरजावई नव्हे, गुलाम! सिंह शिकारीला दबा धरतो, ताड मात्र शांत उभा, कारण त्याच्या पोटात हिरवे गुलाम राबतात, असा त्याचा दाखला. ‘वेठबिगार’ लिहू का?

पाटावरवंटा: आणि तंतुकणिका, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या?

अर्धीभाकरी: त्या त्याच्या हिशेबात नव्हत्या. केंद्रक मात्र जंतूंपासून आलं म्हणायचा, ते काही टिकलं नाही. हरितलवकाचं टिकलं, तेही १९६७मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिसने विषय पुन्हा लावून धरल्यावर. मेरेश्कोव्स्कीला हे सुचलं त्यामागे त्याचा शैवाकांचा अभ्यासही होता. बुरशी आणि शैवाल एकत्र.

पाटावरवंटा: शैवाक म्हणजे आपलं दगडफूल ना? धड दगड नाही, धड फूल नाही. शब्द असा हवा.

मोडीवाला: गोड्या मसाल्यातलं? ते शेवाळ आहे.

पाटावरवंटा: निम्मंच. वर वाचलंत का?

खडीसाखर: आमच्याकडे त्याला काळा मसाला म्हणतात. गोडा कसला, तिखटच असतो.

मोडीवाला: काळा वेगळा, गोडा वेगळा. आता यावरही मतदान घ्या.

पाटावरवंटा: दगडफूल आधी निवडून घ्या, खडे आणि सालीचे तुकडे फार निघतात. आणि मंद आचेवर परता, करपलं की मसाला कडू.

अर्धीभाकरी: माझा शब्द?