स्टॉकफिश अपडेट केलं आणि बाकी सगळ्यांचं रेटिंग घसरलं??

अडलेलं_प्यादं
मंडळी मदत हवीय. घरच्या लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळणाऱ्या १२ इंजिनांची (प्रोग्रॅम्सची) रेटिंग लिस्ट चालवतो, क्यूटचेसवर गेम्स लावायचे आणि ऑर्डोने रेटिंग काढायचं एवढंच. स्टॉकफिश १५ ला ३६०० फिक्स धरून बाकीच्यांचं मोजत होतो. परवा त्याचं १७.१ व्हर्जन उतरवलं, जुन्या फाइलवरच टाकलं, रात्रभर लॅपटॉप घरघरत ठेवला (आईने दोनदा प्लग काढायची धमकी दिली) आणि सकाळी बघतो तर बाकीची अकराच्या अकरा इंजिनं खाली! ज्यांना हात पण नाही लावला ती कशी काय घसरली? सगळं पहिल्यापासून लावू का, दोन महिन्यांचं काम आहे हो

तिरका_उंट
ती घसरली नाहीत रे, तुझी फूटपट्टीच बदलली. ऑर्डोला पीजीएनमधलं (गेम्सच्या नोंदीच्या फाइलमधलं) नाव तेवढं दिसतं, आणि तुझ्याकडे एका नावाखाली दोन खेळाडू आहेत. नवीनवाला जास्त मारतोय पण त्याला तू ३६०० ला खिळा ठोकून ठेवलायस, तो वर जाऊ शकत नाही म्हणून बाकीचे खाली ढकलले गेले. काही फेकू नकोस. पीजीएनमध्ये तारीख असते, तिच्यावरून जुन्या गेम्सना स्टॉकफिश १५ आणि नव्यांना १७.१ असं नाव दे, खिळा १५ लाच राहू दे. इंजिनांची रेटिंग लिस्ट काढणारे सीसीआरएलवाले पण प्रत्येक व्हर्जनला वेगळी ओळ देतात.

घोडा_अडीच
+१. आणि १७.१ ला नुसतं १५ शी खेळवून फरक काढू नकोस, सेल्फप्लेमध्ये (इंजिन आपल्याच दुसऱ्या व्हर्जनशी खेळतं तेव्हा) फरक फुगतो. त्याच अकरा जणांशी, त्याच ओपनिंग्ज, प्रत्येक ओपनिंग दोन्ही रंगांनी. १००० गेम्स झाले आणि त्यातले निम्मे बरोबरीत सुटले तरी साधारण ±१५ एलो (रेटिंगचे गुण) इकडेतिकडे होणारच, १०० गेम्सवर तर बोलूच नये. अजून एक, क्यूटचेसमध्ये रिझाइनची मर्यादा (इंजिनचा स्कोअर इतका खाली गेला की हार धरायची) लावलीयेस का? १५.१ पासून स्टॉकफिशचा +१ स्कोअर म्हणजे जिंकायची शक्यता ५० टक्के असा हिशोब आहे, १५ चे आकडे वेगळे, त्यामुळे तीच मर्यादा दोघांना सारखी लागू पडत नाही

अडलेलं_प्यादं
अरे देवा, ६०० (म्हणजे स्कोअर −६) लावलंय. आणि मधल्या डेव्ह बिल्ड्सचं (दोन रिलीजमधल्या चाचणीच्या आवृत्त्यांचं) काय करता तुम्ही, त्या तर सारख्या येतात

तिरका_उंट
नादी लागू नकोस, लॅपटॉप एकच आहे तुझा. फारच खाज असेल तर आधी जुन्या-नव्या दोन्हींवर बेंच कमांड चालव, नोड्सचा (तपासलेल्या पोझिशन्सचा) आकडा तोच आला तर बहुतेक खेळात काही बदललेलं नाही, फार तर वेगात फरक असेल. एलसी-झिरो (न्यूरल नेटवर्कवर चालणारं इंजिन) ठेवलं असशील तर तिथे नेटवर्कची फाइल वेगळी असते, नावात इंजिनचं व्हर्जन आणि नेटवर्क दोन्ही लिही, मी नाही लिहिलं आणि सहा महिन्यांनी काय कशाशी खेळलं तेच कळेना.

अडलेलं_प्यादं
नावं बदलली, अकरा जण आपापल्या जागी परत आले. रिझाइन बंद करून १७.१ चे गेम्स मात्र पुन्हा लावावे लागणार, आईला अजून सांगितलं नाहीये