जुना वायरलेस संच प्रोग्रॅम करायला जुनाच संगणक हवा

डायपोल

मागच्या महिन्यात एका हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मित्राने त्याचा जुना मोबाईल, म्हणजे गाडीत बसवायचा, वायरलेस संच माझ्या टेबलावर आणून ठेवला. चालू केला की एकच लांब सूर, आणि पुढे काही नाही. डिस्प्ले कोरा, स्पीकरमध्ये खरखरसुद्धा नाही. आदल्या रात्री त्याने नव्या लॅपटॉपला यूएसबी केबल लावून, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर चालवून दोन चॅनेल बदलायचा प्रयत्न केला होता. वाचन, म्हणजे संचातली माहिती संगणकात घेणं, तिसऱ्या खेपेला झालं. बदल संचात लिहिताना पडद्यावरची पट्टी निम्म्यावर अडकली, दहा मिनिटं हलेना, शेवटी त्याने केबल उपटली.

म्हणून हा धागा काढतोय. माझं मत: डॉसवरच्या सॉफ्टवेअरने प्रोग्रॅम होणाऱ्या संचाला फक्त त्याच काळातला संगणक जोडावा. ३८६, ४८६ प्रोसेसरचा, फार तर सुरुवातीच्या पेंटियमचा. मदरबोर्डवर खरा सिरीयल पोर्ट, शुद्ध डॉस, दुसरं काहीही नको.

कारण सांगतो. मोटोरोलाचे मॅक्सट्रॅक, जीएम३००, जीपी३०० या संचांचं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर, आरएसएस, डॉसवर चालायचं. त्या काळच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये 'थोडं थांब' हे घड्याळ बघून ठरत नसे, रिकामं लूप ठरावीक वेळा फिरवलं जाई. प्रोसेसर दहापट वेगवान झाला की थांबणं दहापट कमी होतं. इकडे संचातल्या ईईप्रॉमला (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या चिपला) एक बाइट पक्का करायला काही मिलिसेकंद लागतातच, ते काही बदलत नाहीत. आधीचा बाइट बसायच्या आत पुढचा येऊन आदळतो. मग कोडप्लग (चॅनेल आणि सेटिंगची संचातली नोंद) अर्धा नवा, अर्धा जुना, चेकसम (नोंद शाबूत आहे का ते ताडणारी बेरीज) जुळत नाही आणि संच उठायला नकार देतो.

शिवाय हे सॉफ्टवेअर थेट ३एफ८ या पत्त्यावरच्या सिरीयल पोर्टशी बोलतं. एनटी घराण्यातलं (एनटी, २०००, एक्सपी आणि पुढचं) विंडोज त्याला मध्येच अडवतं, आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम सुरूच होत नाही. माझ्याकडे ४८६ फक्त या एका कामासाठी राखून ठेवलेलं आहे. त्यावर आजवर एकही संच गेलेला नाही.

बायनरी

पूर्ण असहमत. तुमच्या मित्राचा संच गेला याचं वाईट वाटतं, पण दोष लॅपटॉपला देऊन मोकळं होऊ नका.

तुमचं ४८६ आज चालतंय. उद्याचं काय? माझंही होतं. एका सकाळी सुरू केलं तर हार्ड डिस्कच सापडेना. उघडून पाहिलं तर बोर्डावर सोल्डर केलेली निळी बॅटरी पाझरलेली, तिच्याखालचे तांब्याचे पट्टे हिरवे पडून तुटलेले. फ्लॉप्या काढल्या, अकरांपैकी चार वाचल्या गेल्या. सॉफ्टवेअरची माझी एकमेव प्रत न वाचणाऱ्या सातांत होती. ज्या यंत्रावर तुम्ही सगळा भरवसा टाकताय ते संचापेक्षा लवकर मरतंय, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

त्यानंतर मी डॉसबॉक्सवर, म्हणजे नव्या संगणकात जुन्या डॉस संगणकाचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमवर आलो. तुम्ही वेगाचा मुद्दा काढलात, त्याचं उत्तर तिथे तयारच आहे. सायकल्सचा, म्हणजे वेगाचा, आकडा तुम्ही ठरवायचा. ३००० वर बांधून ठेवला की प्रोग्रॅमला जुन्या संगणकावर असल्यासारखंच वाटतं. पोर्टचा मुद्दा: त्याच्या सेटिंगमध्ये directserial लावून realport ला हवा तो कॉम पोर्ट द्या. ३एफ८ चं सोंग डॉसबॉक्स घेतो, खाली यूएसबी असली तरी प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही.

आणि वेगाचा दोष काही गूढ नाही. टर्बो पास्कल या जुन्या साधनात लिहिलेल्या प्रोग्रॅमचा 'रनटाइम एरर २००' आठवा. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत लूप किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि भागायचं. प्रोसेसर वेगवान झाला, उत्तर १६ बिटांत मावेना, प्रोग्रॅम सुरुवातीलाच कोसळला. लोकांनी कारण शोधलं, पॅच काढले, प्रश्न मिटला. दुखणं कळलं की औषध करता येतं. तुम्ही मात्र रोग्याला कायम त्याच खोलीत ठेवायला सांगताय.

डायपोल

बॅटरीचा मुद्दा मान्य. माझ्या बोर्डावरची मी वेळीच काढून टाकली होती आणि डिस्कच्या जागी अडॅप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं. त्या कार्डाची प्रतिमा तीन ठिकाणी आहे. जुना संगणक म्हणजे जुन्या फ्लॉप्यांवरच विसंबणं, असं नव्हे.

पण यूएसबीवर माझा विश्वास बसत नाही. ऑक्टोबर २०१४ मधलं प्रकरण विसरलात का? यूएसबी-सिरीयल केबलमधल्या चिपा बनवणाऱ्या एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी शून्य करून टाकला. काल चालणारी केबल आज संगणकाला ओळखू येईना. ओरड झाल्यावर ड्रायव्हर मागे घेतला, पण समजा त्याच वेळी कुणी संचात लिहीत असता तर? माझ्या ४८६ मध्ये रात्रीतून काहीही बदलत नाही. मला त्याचं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मल्टीमीटर

दोघेही संगणकाबद्दल भांडताय, पण संगणक आणि संच यांच्या मधल्या डबीबद्दल कुणी बोलत नाही.

सिरीयल पोर्टवर आरएस-२३२ असतं, उणे-अधिक व्होल्टेज. संचाच्या आत ० ते ५ व्होल्ट, आणि बऱ्याच मोटोरोला संचांत येणं-जाणं एकाच तारेवरून. म्हणून मध्ये 'रिब' हा इंटरफेस बॉक्स लागतो. मूळ डबीला स्वतंत्र वीज असते. बाजारातल्या पुष्कळ नकला मात्र पोर्टच्या डीटीआर-आरटीएस या संकेताच्या तारांवरूनच वीज चोरतात.

मी मोजून पाहिलंय. मदरबोर्डवरच्या पोर्टला डीटीआरवर ११ व्होल्ट, डबी जोडल्यावर ९. एका यूएसबी अडॅप्टरला जोडणीआधी ५.८ आणि डबी लावताच ३.४. त्या ३.४ वर मॅक्स२३२ ने (डबीतल्या, व्होल्टेज बदलणाऱ्या चिपने) काय करावं अशी अपेक्षा आहे? वाचन कसंबसं होतं, कारण तेव्हा संगणक थोडंच बोलतो. लिहिताना सगळा भार त्याच्यावर येतो, तेव्हा घसरतं. डायपोल, तुमच्या मित्राचं वाचन तिसऱ्या खेपेला झालं आणि लिखाण निम्म्यावर अडलं, हे वाचून मला आधी हाच संशय आला. ९ व्होल्टची वेगळी वीज देणारी डबी वापरा, मग संगणकावर बोलू.

नवतरंग

मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. एवढं कशासाठी? चर्प हे संच प्रोग्रॅम करायचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पायथॉनमध्ये लिहिलेलं, आजच्या कुठल्याही संगणकावर चालतं. त्यात चालणारे संच खंडीभर आहेत. दोन चॅनेल बदलायला कुणी ४८६ सांभाळत बसणार नाही. नव्या मंडळींना या छंदात आणायचं असेल तर त्यांच्यापुढे फ्लॉपी ठेवून चालणार नाही. मी तीन तरुण मुलांकडून हॅम परवान्याच्या परीक्षेची तयारी करून घेतली. त्यातल्या एकालाही सिरीयल पोर्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही नव्हती.

डायपोल

नवतरंग, तुम्ही तीन मुलं तयार केलीत याचा मनापासून आनंद आहे. पण हे पटलं नाही. चांगल्या व्यावसायिक संचाचा रिसीव्हर शेजारच्या दणदणीत सिग्नलपुढे जसा टिकतो, तसा आजचा स्वस्त हॅन्डहेल्ड टिकत नाही. डोंगरावर इतर अँटेनांच्या गर्दीत रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारी यंत्रणा) उभा करायचा असेल तेव्हा हा फरक कळतो. दोन जीएम३०० पाठीला पाठ लावून केलेले रिपीटर अजून चालताहेत ते उगाच नाही. आणि चर्पमध्ये हॅम संचांचा भरणा आहे, अशा जुन्या व्यावसायिक संचांपैकी थोडेच.

परवाना

एक गोष्ट कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. हे सॉफ्टवेअर उत्पादकाने परवान्यावर दिलेलं होतं. विक्री बंद झाली म्हणजे हक्क संपला असं होत नाही. 'कुठूनतरी मिळालेली' प्रत चालवणाऱ्याला ती कोणत्या आवृत्तीची, कुणी छेडलेली, हे कळत नाही. आवृत्तीचा घोळ तर तांत्रिकही आहे: नव्या आवृत्तीने एकदा संचात लिहिलं की काही संच जुन्या आवृत्तीला परत दाद देत नाहीत. स्वतःचा संच दुरुस्त करायचा हक्क असावा, यावर माझं दुमत नाही. पण तो उघडपणे मागितला पाहिजे, गुपचूप प्रती फिरवून नव्हे.

बायनरी

@परवाना, मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मला वाटतं, संचाची भाषाच समजून घ्यावी. तारेवर लॉजिक अ‍ॅनालायझर लावून कोणती आज्ञा गेली, काय उत्तर आलं हे टिपायचं आणि स्वतःचं साधन लिहायचं. वाट लांबची आहे, पण तिथे ना ४८६ लागतं, ना कुणाची प्रत.

@मल्टीमीटर, माझ्या डबीला स्वतंत्र वीज आहे. कदाचित म्हणूनच मला त्रास झाला नसेल. हे मी आधी लिहायला हवं होतं.

दुरुस्तीवाला

पंचवीस वर्षं हेच काम करतोय. एक चूक वरचेवर पाहतो ती सांगतो. एका संचाची फाइल जतन करायची आणि तीच दुसऱ्यात ओतायची. बऱ्याच संचांत कोडप्लगबरोबर त्या संचाची जुळणीही असते: पॉवर, डेव्हिएशन, ऑसिलेटरची दुरुस्ती. ती त्या एका बोर्डाची असते. दुसऱ्या संचात गेली की फ्रिक्वेन्सी सरकते, आवाज फाटतो, आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअर बिघडलं. सॉफ्टवेअरमध्ये क्लोन करायची सोय असते ती वापरा, ती फक्त चॅनेल नेते.

प्रत्येक संचाची फाइल त्याच्या सिरीयल नंबरनेच ठेवा. दोनदा वाचा आणि डॉसच्या `fc /b` ने दोन्ही फाइली ताडून पाहा. एका बाइटचाही फरक निघाला तर लिहायला हात लावू नका, संगणक कुठल्याही काळातला असो.

डायपोल

तुम्हा सगळ्यांचं वाचून गेला शनिवार यातच घातला.

आधी मित्राच्या संचाचं. त्याने तिसऱ्या खेपेला वाचलेली फाइल सुदैवाने ठेवली होती. ४८६ वर वेगळ्या विजेच्या डबीने संचाने उत्तर दिलं आणि फाइल परत गेली. संच उठला. उत्तरच दिलं नसतं तर ईईप्रॉम काढावी लागली असती. मल्टीमीटर, त्याची केबल मोजली: जोडल्यावर ३.७. तुमचा संशय खरा होता, आणि मी वेगाला दिलेला दोष निदान या संचापुरता मागे घेतो.

मग बायनरींनी सांगितलं तसं डॉसबॉक्स लावलं, सायकल्स ३०००, माझी डबी, चांगला यूएसबी अडॅप्टर. एकच संच दहा वेळा वाचला. सात वाचनं झाली, तीन अर्धवट सुटली. झालेल्या सातही फाइली ४८६ च्या फाइलीशी `fc /b` ने ताडल्या. एकही फरक नाही.

बायनरी

सुटलेली तीन बहुधा अडॅप्टरच्या लेटन्सीमुळे, म्हणजे माहिती पुढे द्यायला तो घेत असलेल्या वेळेमुळे. एफटीडीआयची चिप असेल तर ड्रायव्हरमध्ये मुळात १६ मिलिसेकंद असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १ करा आणि परत दहा वाचनं घ्या.

डायपोल

१ केलं. दहाच्या दहा झाली.

वाचायला यापुढे मीही डॉसबॉक्स वापरेन, बॅकअप घेणं त्यामुळे फार सोपं होतंय. लिहिण्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही. एक जुना, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जळालेला संच माझ्याकडे पडून आहे, त्याच्यावर शंभर वेळा लिहून बघतो. रिपीटरच्या जोडीला तोवर ४८६ च जोडणार.