घरच्यांनी तोडलं, तेव्हा आशा कशी टिकवायची?

प्रश्न : मी सोलापूरची, अक्कलकोट रोडला टॉवेल शिवायला जाते. बाप्तिस्मा घेतल्यापासून माहेरचं दार बंद आहे. आईच्या आजारपणातही भेटू दिलं नाही. गल्लीतल्या लोकांनी घरातली प्रार्थनासभा थांबवली. येशूला सोडणार नाही, पण रात्री रडू येतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : नाही गं अक्का, रडणं म्हणजे अविश्वास नव्हे. बायबलमधलं स्तोत्र 13 काढून वाच. पहिल्या दोनच ओव्यांत दावीद चार वेळा देवाला विचारतो, कुठवर? मी नवऱ्याच्या मयतीनंतर तेच मोठ्यानं वाचायचे, दुसरी प्रार्थना सुचायचीच नाही. पेत्राचं पहिलं पत्रही वाच. पंत, गलतिया, कप्पदुकिया या प्रांतांत विखुरलेल्या, ख्रिस्ताच्या नावासाठी निंदा सोसणाऱ्या माणसांना ते लिहिलंय. तिथं तुझ्यासारखेच लोक आहेत. आणि आईशी फोनवर तरी बोलत राहा, धर्माचा विषय न काढता.

उत्तर : ताई, कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा दूर राहिल्या, पुढे 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. प्रत्येक घरात असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण कुणी धमकावलं तर सहन करू नका, चर्चच्या मंडळीतल्या दोघांना घेऊन पोलिसांत लेखी द्या. बायबलमधल्या प्रेषित पौलानंही आपलं रोमी नागरिकत्व सांगून हक्क मागितला होता.

प्रश्नकर्ती : काका, अक्का, आज आईला फोन लावते. रविवारी उपासनेनंतर पाळकांशीही बोलेन.