ग्रीक-रोमन इतिहासात एमए करावं का?

सांगलीचा_पोरगा: बीए हिस्ट्री झालंय, आता ग्रीक-रोमन इतिहास शिकायचाय पण आबा म्हणतायत रोमचं शिकून विश्रामबागला काय विकणार? लॅटिन यायलाच लागतं का?

कृष्णाकाठ: रिसर्च करायचा तर ग्रीक नि लॅटिन दोन्ही लागतंय भावा, नुसत्या भाषांतरावर फार पुढं जाता येत नाही. संस्कृत झालं असंल तर विभक्त्या बघून घाबरणार नाहीस.

मिरजेची_ताई: अरे आधी कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये जा, तिथल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती बघ, ग्रीकांचा समुद्रदेव आणि सापडला पंचगंगेकाठी! कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर पण दान देणाऱ्या यवनांची (तेव्हा ग्रीकांना यवन म्हणायचे) नावं कोरलीत, विषय तिथनंच काढ.

सांगलीचा_पोरगा: आयला, कोल्हापूरला दहादा गेलोय, दरवेळी मिसळ खाऊन परत.