डीसीसी रेडी आणि ~ चिन्हाची भानगड
मॉडेल रेल्वेत अनेकांना वाटतं की 'डीसीसी रेडी' (डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल आदेश पाठवून इंजिन चालवायची पद्धत) लिहिलेलं इंजिन घेतलं की थेट डिजिटल रुळावर धावतं. तसं नाही. रेडी म्हणजे आत फक्त सॉकेट, डीकोडर (ते आदेश समजून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी चिप) वेगळा घ्यायचा. सॉकेट ८ पिन, २१ पिन, प्लक्स-२२ की नेक्स्ट-१८ हे आधी बघा, नाहीतर घेतलेला डीकोडर बसणारच नाही. ८ पिनमध्ये नारिंगी वायर पिन १ वर येते. प्लग उलटा बसला तर इंजिन चालतं पण दिवे लागत नाहीत. डीकोडर सहसा वाचतो. झाकण लावायच्या आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डीकोडरच्या सेटिंग वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही १, म्हणजे डीकोडरचा पत्ता, वाचा, नव्या डीकोडरला ३ येतं. तिथे करंट मर्यादित असतो, म्हणून वायरिंग चुकलं तरी लगेच धूर निघत नाही. वाचनाचं उत्तर डीकोडर मोटरला छोटा झटका देऊन कळवतो. त्यामुळे काहीच वाचलं जात नसेल तर डीकोडरला शिव्या घालण्याआधी चाकं पुसा, मग मोटरची वायर तपासा.

जुन्या मालात खरी मेख मेर्कलिन या जर्मन कंपनीची आहे. त्यांची एचओ (१:८७ आकाराची) इंजिनं तीन-रूळ पद्धतीची, पोटाखाली मधल्या रुळातून वीज घेणारी लांबट पट्टी असते आणि डावं-उजवं चाक एकमेकांपासून इन्सुलेट केलेलं नसतं. दोन-रूळ ट्रॅकवर ठेवताच शॉर्ट! जाहिरातीत = (दोन-रूळ, डीसी) ऐवजी ~ (तीन-रूळ, एसी) चिन्ह दिसलं की सावध व्हा. विक्रेत्याकडे पोटाच्या बाजूचा फोटो मागाच. तो द्यायला कुरकुरत असेल तर पुढचं इंजिन बघा. मेर्कलिनच्याच घरचं दोन-रूळ हवं असेल तर ट्रिक्स नावाने शोधा.