बोअरच्या पाण्यात काळं फिनेल फाटतंय, मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरात भवानी पेठेत आमची जुनी इमारत आहे. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाडं. सामायिक संडास-मोरीच्या सफाईचं यंदा माझ्याकडे आलंय. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते पिण्यातच संपतं. बाकी सगळं बोअरवर, आणि ते इतकं जड की बादलीला पांढरे थर धरलेत.

या पाण्यात काळं फिनेल ओतलं की दुधाळ होतच नाही. करड्या गुठळ्या होतात, वर तपकिरी तवंग येतो, फरशीवर चिकट डाग राहतात. तेच फिनेल नळाच्या पाण्यात झकास पांढरं होतं. दुकानदार म्हणतो, "अजून टाका." टाकलं की डागच वाढतात! असं फाटलेलं फिनेल जंतू मारतं, का नुसताच वास? आणि हो, जिन्याखाली मांजर व्यायलीय.

प्रतिसाद १
ताई, माल ठीक आहे, पाणी नडतंय. काळ्या फिनेलमध्ये दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेली क्रेसॉलसारखी फिनॉलच्या जातीची द्रव्यं आणि तेलं असतात. ती साबणाच्या जोरावर पाण्यात मिसळतात. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाचाच साका करतं, मग तेल सुटून वर येतं. औषध सगळीकडे सारखं पसरत नाही, म्हणून भरवसा धरू नका. फिनेलपुरतं नळाचं पाणी राखा. बाटलीवर आर. डब्ल्यू. सी. आकडा असेल तर तोही बघा. टायफॉइडचे जंतू मारायला हा माल शुद्ध फिनॉलच्या किती पट जोरकस, हे त्यावरून कळतं.

प्रतिसाद २
मांजरीच्या आसपास अजिबात नको. फिनॉल निकामी करायची ताकद मांजरांच्या यकृतात फार कमी असते, आणि पंजाला लागलेलं त्या चाटतात. तिथं साबण आणि गरम पाणी पुरे. ब्लीचिंग पावडर आणि फिनेल एकत्र करू नका. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदानं १८६५ साली ग्लासगोत फिनॉलनंच, म्हणजे कार्बोलिकनं, जखम जंतुमुक्त ठेवली, हे खरं. पण म्हणून कुणी फिनेलनं हात धुवू नये. फिनॉल कातडीतून अंगात शिरतं, वर कातडी बधिर करतं, त्यामुळे भाजलेलं कळतही नाही. हातमोजे घाला.

धागाकर्ती
दोघांचे आभार. नळाची एक कळशी फिनेलसाठी द्यायला वरच्या काकू राजी होतील असं वाटत नाही. पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप लावता येईल, पण तोवर काय? पाइन तेलाचं पांढरं फिनेल जड पाण्यात कुणी वापरलंय का? ते फाटतं की टिकतं?